आखाडातली पेटलेली कढई

आमचं गाव म्हंजी गाव न्हवंच, वाडी, भुशीच्या वरल्या अंगाला डोंगरात, सात-आठ घरं, आन घरं तरी कसली, कुडाच्या भिंती आन वर पेंढा. माझं नाव हौसाबाई. हौस कसली ते आईबापाला ठावं, मी चौथी पोरगी. काय सांगू तुमाला ताई, आमच्यात आग म्हंजी घरातलं माणूसच व्हतं. सकाळी उठलं की चुलीतली राख उकरायची, खाली निखारा जिता असायचा, त्याच्यावर काटक्या ठेवायच्या आन फुकायचं. आन राख कदी टाकून दिली न्हाई. चुलीच्या डाव्या अंगाला फुटकं गाडगं, त्यात राख. भांडी घासायला राख, दात घासायला राख, बियाणाला राख, आन कढईतलं तेल पेटलं तरी राख. तसं आमच्याकडं तेल असायचं तरी किती, पळीभर, पण एकदा शिमग्याला पेटलं व्हतं, आईनं दोन वंजळी राख अशी टाकली, धप्प, संपलं. तेल गेलं, वडं गेलं, आन मधी कडमडले म्हणून मला दोन रट्टं बसलं ते वेगळंच. मी सात वर्साची आसंन. न्हाई, आठ, धाकटा भाऊ झाला व्हता तवा, म्हंजी आठच.

लगीन होऊन मी खाली आले, घोरावाडीच्या टेसनापासून पायी अर्ध्या तासावर हे आमचं घर. मालकाची थोडी भातशेती व्हती, माणूस गरीब स्वभावाचा, कदी वर तोंड करून बोलला न्हाई, आता त्यांना जाऊन बरीच वर्सं झाली. मी लोनावळ्याला बंगल्यावर सैपाकाला जाया लागले. शनवार-रविवार पावणं येत्यात, त्यांना पावसात भजी पायजे, कांदाभजी, बटाटाभजी, कुणाला मिरचीची. सकाळच्या गाडीनं जायाचं, सांजच्या गाडीनं यायाचं. तेलाशी माझी दोस्ती तितं झाली. तेल तापलं का न्हाई ते मी बघून सांगते, वासावरून सांगते. सोमाटण्याला कुणाचं लगीन असलं तरी म्हणायचं, पुऱ्या तळायला हौसामावशीला बोलवा. हे मी बढाई म्हणून सांगत न्हाई ताई. सांगते अशासाटी की तेल पेटवणारी बाई कुणी नवशिकी न्हवती, मीच व्हते.

आता त्या आग इझवायच्या लाल नळकांड्याचं आधी सांगायला पायजे, त्याच्याबिगर पुढचं कळायचं न्हाई. मागल्याच्या मागल्या वर्सी आमच्या बंगल्यावाल्यांच्या सोसायटीत एक माणूस आला व्हता, आग कशी विझवायची ते दावायला. सगळे सैपाकी, वाचमन, माळी, समद्यांना हिरवळीवर उभं केलं. त्यानं विटांवर कढई ठिवली, तेल तापवलं, तापवलं, पार धूर काढला, आन भक्कन पेटलं. मग म्हणला, तेलाच्या आगीवर पाणी नको. तीनदा म्हणला, पाणी नको, पाणी नको, पाणी नको. आन लांब काठीला गलास बांधून त्यातलं पाणी वतलं त्या कढईत. काय सांगू तुमाला, जाळ झाडाइतका वर गेला. बायांनी पदर तोंडात घातलं. आन तेवढ्यात आमच्या मॅडमनी मला हात केला, हौसाबाई, चहा गाळा. मी आत गेले. चहा गाळून ट्रे घेऊन आले तर कढई गप, लोक टाळ्या वाजवत्यात, आन गवतावर पांढरी पावडर सांडलेली. मी इचारलं, कशानं इझली. वाचमन म्हणला, झाकण घातलं. माळी म्हणला, ओलं फडकं घातलं. शेजारच्या बंगल्यावरली सैपाकीण म्हणली, अगं त्या नळकांड्यातनं पावडर मारली की. तिघं तीन तऱ्हेचं. आता त्या माणसाला जाऊन इचारायचं, तर लाज वाटली, म्हणंल इतका येळ काय करीत व्हती ही. मी मनात दोन गोष्टी धरून घरी आले, पाणी नको, आन पांढरी पावडर.

पुढं सांगते. माझा एकच मुलगा, तळेगावच्या कंपनीत हाय. त्याची बायको रेश्मा, तळेगावचीच पोरगी, बारावी शिकलेली, शिवणकाम येतं, हात असा बारीक की तिच्या टाक्याला उलटं-सुलटं कळत न्हाई. मला आत्या म्हणते, तिच्या माहेराकडं सासूला तसंच म्हणत्यात. पयल्या आखाडात नवी सून सासरी ऱ्हात न्हाई, ती माहेरी गेलती. दुसरा आखाड म्हंजी गेल्या वर्सीचा. तिचा हितला पयलाच आखाड तळायचा. तुमच्यात तळत्यात का आखाड, तळत्यात ना, कापण्या, तिखटाच्या पुऱ्या, मग तुमाला सांगायला नको. मला लय हौस, म्हणलं सुनंला आपला हात दावावा.

दुपारची येळ. लाईट गेलेली, पण बाहेरचा उजेड व्हता. रेश्मा खाली बसून गुळाच्या कणकीच्या कापण्या लाटत व्हती, कापून परातीत मांडत व्हती. मी गॅसवर कढई ठिवली, तेल वतलं, गॅस मोठा केला. आन बंगल्यावरनं मॅडमचा फोन आला, शनवारी बारा पावणं हायेत, लवकर येशील का. घरात रेंज न्हाई, मी अंगणात गेले. किती येळ बोलले कुणास ठाऊक. मी म्हणते पाच मिंटं. रेश्मा म्हणते धा. तिला वाटलं आत्याचं लक्ष हाय, मला वाटलं पोरीचं हाय. ज्या बाईला वासावरून तेल कळतं, तिला अंगणात उभं राहून कळलं न्हाई.

आतून रेश्मानं आत्या म्हणून हाक मारली आन मी पळाले. कढई पेटलेली. लय मोठी न्हाई, कढईतल्या कढईत, पण जाळ पिवळा, वर काळा धूर. रेश्मानं हातात तांब्या घेतलेला, पाण्यानं भरलेला. मी वरडले, पाणी नको, आन तिच्या हातावर असा फटका मारला की तांब्या भिंतीवर गेला. हितपत्तूर माझं बरोबर व्हतं, हे मला नंतर समद्यांनी सांगितलं. पण पुढं काय. पाणी नको, मग काय. झाकण का फडकं का पावडर. डोकं बंद, ताई. आन डोकं बंद झालं की हात जुनं करतो. माझा हात गेला डाव्या अंगाला. राखंच्या गाडग्याकडं. पर गॅसच्या घरात राख कुटली, तितं तांदळाच्या पिठाचा डबा, भाकरीच्या पिठाचा. आन ते पांढरं. मी ते पांढरं बघितलं, आन मनात म्हणले, पावडर. हे मला आठवतंय, म्हणले, हीच ती पावडर. आन वंजळ भरून टाकलं.

पीठ पेटतं हे मला ठाव न्हवतं. जलमभर पीठ मळलं, ठाव न्हवतं. ते कढईत पोचायच्या आधी हवेतच पेटलं, भप्प झालं, आन तो जाळ रेश्माच्या अंगाकडं गेला. तिचा उजवा हात कोपरापत्तूर, आन हनुवटीखाली जरासं. ती किंचाळली. मी तशीच उभी, हात पांढरं करून.

आमच्या शेजारी बाळूआबा हायेत, म्हातारं माणूस, सगळी उमर लोनावळ्याच्या हाटेलात भट्टीवर गेली. त्ये किंकाळी ऐकून आले. पयला गॅस बंद केला, बाजूनं हात घालून. मग परात उचलली, कापण्या खाली वतल्या, आन परात आडवी आपल्या तोंडाफुडं धरून, ढालीवानी, आपल्या बाजूनं पुढं सरकवत कढईवर झाकली. जाळ गप. समदं मिळून दोन मिंटं लागली नसतील. गल्लीतला एक जण म्हणला, कढई उचलून अंगणात टाकू, तर आबा त्याच्यावर खेकसले, हात लावायचा न्हाई, तेल सांडलं तर पायाला आग लागंल, आन परात उघडायची बी न्हाई, तेल थंड होऊस्तवर, न्हाईतर वारं लागून परत पेटतं. एवढंच व्हतं बघा. गॅस बंद आन झाकण. वाचमन खरं सांगत व्हता. मी चहा गाळायला गेले न्हसते तर मी बी बघितलं असतं.

आता ऐका, माझी दुसरी चूक, ही पयलीपेक्षा मोठी. रेश्मा हात धरून अंगणातल्या नळाकडं पळाली. आन मी तिला आडवी गेले. पाणी नको, पाणी नको, म्हणून. डोक्यात तेच बसलेलं. मला वाटलं, तेलानं भाजलंय, पाण्यानं आजून भडकंल. कुणी हळद आणली, कुणी टूथपेस आणली, मीच ती चोळली, माझ्या हातानं. पोरगी नळाकडं बघत व्हती, मला आठवतंय, नळाकडं बघत व्हती आन मी तिला धरून ठिवली. तळेगावच्या दवाखान्यात नर्सबाईनं ते टूथपेस आन हळद खरडून काढली तवा तिचं रडणं मला बाहेर ऐकू येत व्हतं. नर्सबाई मला म्हणली, मावशी, भाजल्या भाजल्या नळाखाली हात धरायचा, गार पाणी, वीस मिंटं, दुसरं काय बी लावायचं न्हाई. मी म्हणले, अवं पण पाणी नको म्हणत्यात. ती म्हणली, ते आगीवर नको, हातावर पायजेच. आगीवर नको, हातावर पायजे. आता तुमीच सांगा ताई, आमच्यासारखीनं हे कसं ध्यानात ठिवायचं. आता ऱ्हायलंय ध्यानात, पण ते ऱ्हायला पोरीचा हात गेला.

आन मग पोलीस आले. सून भाजली म्हणलं की येत्यातच, आन यायलाच पायजे, मी नाव ठेवत न्हाई. एक पोलीस बाई व्हती, तिनं मला बाहेरच्या बाकड्यावर बसवलं, आत रेश्माला एकटीला इचारलं. बाकड्यावर बायका माझ्याकडं बघत व्हत्या. मला त्यांच्या डोळ्यात दिसत व्हतं, हीच सासू. आन मी मनात म्हणत व्हते, व्हय, हीच. मला कळंना मी काय केलंय. तेल मी पेटवलं, पीठ मी टाकलं, पाणी मी आडवलं. तिचं वाईट व्हावं असं सपनात बी आलं न्हाई. पण हात तर माझाच. मुद्दाम केलं न्हाई म्हणून केलं न्हाई असं हुतं का, तुमी शिकलेल्या हाय, तुमी सांगा.

मग मला इचारलं. तेल कसं पेटलं. म्हणलं फोन आला, मी अंगणात गेले. मग. मग पेटलं. मग. मग आबा आले. मधलं मी सांगितलंच न्हाई. खोटं बोलले न्हाई, पण सांगितलं बी न्हाई. रेश्मानं काय सांगितलं ते मुलानं जबाबाच्या कागदावरनं मला वाचून दावलं. म्हणली व्हती, माझं लक्ष न्हवतं, चूक माझी हाय, आत्यांनी मला पाणी टाकू दिलं न्हाई म्हणून मी वाचले. पिठाचं नाव न्हाई. नळाचं नाव न्हाई. मी तो कागद मुलाला दोनदा वाचायला लावला.

तवापासून मी कोड्यात. तिला दिसलं न्हाई का तिनं लपवलं. दिसलं नसंल तर माझं नशीब. पण लपवलं असंल तर का. भ्याली का मला. का दया आली. का पुढं कदी तोंडावर मारायला ठिवलंय. मी तिच्याकडं बघायची, ती माझ्याकडं बघायची न्हाई. चार म्हयनं तिला कातर धरता आली न्हाई. मी तिची वेणी घातली, ताटात कालवून दिलं, समदं केलं. हात भरून आला, पण कातडी वडल्यावानी झालीय आन दोन बोटं आजून पुरती मिटत न्हाईत. शिवते आता, पर हळू. आन एक, ती कढईपाशी उभी ऱ्हाईना. साधी फोडणी द्यायची झाली तरी, आत्या, तेवढी फोडणी द्या. मला वाटायचं आगीला भेती.

असं वरीस गेलं. औंदाचा आखाड आला. चार दिसांखाली सांजच्याला ती म्हणली, आत्या, यंदा आखाड तळायचा नाही का. मी म्हणलं नको. ती म्हणली, का नको, वर्षाचा सण आहे. आन मला काय झालं कुणास ठाऊक, मी सुपात तांदूळ निवडत व्हते, मान वर न करता म्हणलं, पीठ मी टाकलं व्हतं. ती म्हणली, कुठलं पीठ. म्हणलं, गेल्या वर्सी, कढईत, तांदळाचं. त्यानं जाळ झाला. पेटली व्हती तेवढ्यावर ऱ्हायली असती, तुझा हात मी जाळला.

मला वाटलं आता उठंल, पिशवी भरंल, माहेरी जाईल, आन जावंच तिनं. तर ती म्हणली, तुम्ही टाकलंत? आत्या, ते तर मी टाकलं ना. मी सूप खाली ठिवलं. म्हणली, माझ्या हाताला पीठ होतं, कापण्या लाटत होते, नर्सने हळद खरडली तेव्हा खालून पीठ निघालं, ती म्हणाली पीठ कशाला टाकलंस गं आगीत. मला काहीच आठवत नाही, नुसता उजेड आठवतो. मला वाटलं मीच टाकलं. पोलिसांना ते सांगायचं मला धाडस झालं नाही, नुसतं चूक माझी एवढंच म्हटलं. मग कळलं तुम्हीही पिठाचं नाव काढलं नाही, मला वाटलं मला सांभाळून घेतलंत.

ऐकलं का ताई. मला वाटत व्हतं ती मला सांभाळती, तिला वाटत व्हतं मी तिला. वरीसभर. आन कढईपाशी जात न्हवती ती आगीला भिऊन न्हवं, सवताच्या हाताला भिऊन. म्हणली, मला वाटायचं माझा हात वेडा आहे, पुन्हा काहीतरी टाकेल. तिचा हात जळला तो एकदा, आन मी गप बसून तो रोज जाळला.

मी तिला बंगल्यावरल्या पावडरीचं समदं सांगितलं, आन म्हणलं, तुझा हात शाना हाय, वेडा माझा. ती जराशी हसली. मग हसायची थांबली. मग आत गेली, आन दोन दिस कामापुरतंच बोलली. मी म्हणलं, झालं, आता राग बाहेर येणार, येऊ दे, त्यो तिच्या हक्काचा हाय. तिसऱ्या दिशी म्हणली, मग नळापाशी मला धरलंत ते पण पावडरसारखंच, ऐकून अर्धं? म्हणलं, व्हय, अर्धंच. म्हणली, बरं.

आन आज तुमी आला त्याच्या आधी तिनं गॅसवर कढई ठिवली. सवता. शेजारी कढईपेक्षा मोठं झाकण काढून ठिवलं, पदर खोचला, फोन दुसऱ्या खोलीत ठिवला, गॅस मध्यम. मी आपली सवयीनं आत गेले, तेल बघावं म्हणून. तर म्हणली, आत्या, तुम्ही बाहेर बसा. वरडली न्हाई. गोड बी बोलली न्हाई. रागानं म्हणली का मायेनं म्हणली मला अजून उमगलं न्हाई, आन मी इचारणार बी न्हाई. चाळीस वर्सं मी तेलापुढं उभी ऱ्हायलेली बाई, मी आले बाहेर आन बसले.

वास येतोय ना. तेल बरोबर तापलंय, जास्त न्हाई. मला हितनं कळतंय, पण मी काय बोलत न्हाई. हे बघा, आणलं तिनं. घ्या ताई, कापण्या घ्या, गरम हायेत, फुकून खा. पयलाच घाणा हाय तिचा. देव तिच्या हाताला यश देवो, समद्या बोटांना, न मिटणाऱ्या दोन्ही बोटांना बी. आन मला ती आत बोलवंल तवा बोलवंल. न्हाई बोलवलं तरी मी हितं बरी हाय.